सदर कॉफीबाबत अभिप्राय

कॉफीत देवदाराच्या लाकडाची चव लागते का, हे सांगायचं तर देवदाराचं लाकूड आधी चाखलेलं असावं लागतं. मी चाखलेलं नव्हतं. आमच्या माहेरी किंवा सासरी कुणीच चाखलेलं असण्याचा संभव नव्हता. नवरा म्हणाला, "पेन्सिली देवदाराच्या करतात म्हणे." म्हणून मी ऑफिसात, खोलीचं दार लोटून घेऊन, एक कोरी करकरीत पेन्सिल दाढेखाली धरली आणि नेमके तेव्हाच आमचे साहेब आत आले. मी विमा कंपनीत दावे नाकारते. म्हणजे काम दावे तपासण्याचं आहे, पण लोकांना पत्र जातं ते बहुतेक वेळा नाकारल्याचंच. साहेबांनी पेन्सिलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "चार दिवस सुट्टी घेता का? ताण दिसतोय." मी म्हटलं, "ताण नाही साहेब, चव बघतेय." ते आल्या पावली परत गेले. दुपारपर्यंत माझ्या टेबलावरच्या निम्म्या फायली दुसऱ्यांच्या टेबलांवर गेल्या होत्या. त्या पेन्सिलीचा झाला तो फायदा एवढाच.

हे पेन्सिल चावण्यापर्यंत का आलं, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही साहेबांसारखाच चेहरा कराल.

माझे सासरे, ज्यांना आम्ही बाबा म्हणतो, ते वजनमापे निरीक्षक होते. दुकानादुकानांतून तराजू तपासायचे, मापं जप्त करायचे. निवृत्त झाले तरी घरातल्या पावाच्या लादीकडेसुद्धा ते संशयानेच बघतात. बोलणं मोजकं. पण मी लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्या आठवड्यापासून एक गोष्ट चालत आली होती. पहाटे सगळं घर झोपलेलं असताना मी कॉफी करायची आणि बाबा स्वयंपाकघरात येऊन समोरच्या स्टुलावर बसायचे. मी त्यांच्या हातात कप द्यायचे. मग आमच्या गप्पा. मी ऑफिसातले दावे सांगायचे, ते जुन्या दुकानदारांच्या लबाड्या सांगायचे. दिवसभर त्यांच्या तोंडून 'हो', 'नको' आणि 'पंखा बंद करा' याखेरीज काही निघायचं नाही. जे काय बोलायचं ते पहाटेच, माझ्याशी.

मग त्यांचं हृदय अधूनमधून एखादा ठोका गाळायला लागलं आणि डॉक्टरांनी कॉफी बंद केली. बाबांसमोर आपण घोट घोट पिणं मला बरं वाटेना, म्हणून मीही घरची कॉफी सोडली आणि ऑफिसात जाऊन पिऊ लागले. झालं, त्या दिवसापासून बाबा पहाटे येईनासे झाले. उशिरा उठायचे, खिडकीशी बसायचे, वर्तमानपत्र हातात धरायचे पण पान उलटायचे नाहीत. मला फार वाईट वाटायचं. नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, "वय झालंय गं त्यांचं." मला ते पटलं नाही. मला माझा पहाटेचा माणूस परत हवा होता.

अशात आमच्या मागच्या गल्लीत, जिथे पूर्वी सायकली दुरुस्त व्हायच्या, तिथे एका दाढीवाल्या तरुणाने कॉफी भाजण्याची छोटी भट्टी टाकली. दुकानात एकच बाक, आणि तोही असा उंच, की बसल्यावर पाय लोंबकळतात. फळीवर एक निराळं पाकीट होतं. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, ही डिकॅफ. यातलं कॅफिन काढून टाकलंय. आत्ताच पहिल्यांदा भाजलीय."

मी बाकावर लोंबकळत असतानाच माझा निश्चय झाला. दाढीवाल्यालाही माझ्याकडून काहीतरी हवं होतं. "लोकांना वाटतं डिकॅफ म्हणजे मुळमुळीत पाणी. तुम्ही पिऊन बघा आणि प्रामाणिक अभिप्राय लिहून द्या. मी दुकानात लावतो." मी लिहिण्याचंच खाते म्हटल्यावर त्याला आनंद झाला. काय लिहिते, ते त्याने विचारलं नाही.

पाकिटावर छापलं होतं: 'चव: जर्दाळू, मध, देवदार.' पेन्सिलीचा उगम तो.

घरी आल्यावर मी पाकीट बाबांसमोर ठेवलं आणि उत्साहाने सगळं सांगितलं. बाबांनी चष्मा लावला, पाकीट उलटसुलट केलं आणि खाली ठेवलं. "ज्यातला माल काढून घेतलाय ती वस्तू त्याच नावाने विकायची? आमच्या काळी खटला भरला असता."

"अहो बाबा, पण चव तीच असते."

"दुधातली साय काढणारेही हेच म्हणायचे," असं म्हणून ते खिडकीशी गेले.

मनात आलं की न सांगताच करून द्यावी. कोण सांगायला जाणार आहे? पण दावेदाराने महत्त्वाची माहिती दडवली या एका कारणावरून मी आजवर किती जणांना पत्रं धाडली असतील! तेच मी स्वतःच्या स्वयंपाकघरात करायचं? शिवाय बाबांनी कप हातात घेताच ओळखलं असतं, अशी माझी खात्री होती. इतकी वर्षं रोज कॉफी पिणारा आणि आयुष्यभर लबाडी पकडणारा माणूस तो. तेव्हा ठरवलं, की ही कॉफी खऱ्या कॉफीच्या तोडीची आहे हे आधी सिद्ध करायचं, रीतसर.

रीतसर म्हटल्यावर घोडं पहिल्याच पायरीवर अडलं. दाढीवाल्याने बजावलं होतं की पाणी उकळतं नको, उकळी खाली बसू द्यायची. "खाली म्हणजे किती?" नवऱ्याने विचारलं. त्याला यंत्रांचा भारी सोस. त्याने कपाटातून तापाचा थर्मामीटर काढला आणि मी हां-हां म्हणेपर्यंत भांड्यात बुडवला. थर्मामीटरने जीव खाऊन शिट्ट्या मारल्या, त्याच्या मते रुग्णाची अवस्था फारच गंभीर होती, आणि तो कायमचा गप्प झाला. आता घरात कुणाला ताप आला तर कपाळाला हात लावूनच बघावं लागणार होतं.

त्या शिट्ट्या ऐकून वरच्या मजल्यावरच्या केमिस्ट्रीबाई खाली आल्या. बाई शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आहेत, पण इमारतीला अजून शिकवतात. डिकॅफचं नाव काढताच त्यांनी खुर्ची ओढली. "कॅफिन काढतात कशाने, विचारलंस का? काही कारखान्यांत रंग खरवडायचं द्रावण वापरतात!"

मी तशीच गल्लीत धावले. दाढीवाला दुखावला. म्हणाला, "आपल्या बिया नुसत्या पाण्याने धुतलेल्या आहेत, ताई." मी वर येऊन बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "पाण्याने कॅफिन निघतं तर चव का नाही निघत?" मी पुन्हा खाली. त्याने समजावून सांगितलं, की ज्या पाण्यात चव आधीच भरलेली असते त्या पाण्यात बियांतली चव उतरत नाही, कॅफिन तेवढं उतरतं. वर येईपर्यंत त्यातलं निम्मं मी विसरले होते. उरलेल्या निम्म्यावर बाईंनी मान डोलावली आणि नवी शंका काढली, "पण सगळं निघत नाही हं. थोडं राहतंच. डॉक्टरांना विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. दवाखान्यात फोन केला. तिथली स्वागतिका म्हणाली, "रुग्णाला काय होतंय?"

"काही होत नाही. कॉफी चालेल का, एवढंच विचारायचंय."

"लक्षण सांगा. लक्षणाशिवाय वेळ मिळत नाही."

"अहो, लक्षण नाहीये."

"मग डॉक्टरांना कशाला भेटायचंय?"

माझ्याच ऑफिसात लोक माझ्याशी बोलताना का रडकुंडीला येतात ते मला पहिल्यांदा कळलं. शेवटी मी म्हटलं, "कॉफी प्यावीशी वाटते, हे लक्षण लिहा." तिने लिहिलं. दवाखान्यात गेल्यावर आमचा पुकारा झाला तो असा: "कॉफीची तक्रार कोण?" अख्खी बैठक माझ्याकडे बघू लागली. एक आजोबा शेजारच्याला म्हणाले, "व्यसन असणार. चेहऱ्यावरून कळतं." डॉक्टरांनी मात्र पाकीट हातात घेऊन वाचलं, हसले आणि म्हणाले, "दिवसाला एक कप खुशाल घेऊ देत." मी डॉक्टरांना वाकून नमस्कारच करणार होते.

परवानगी मिळाली, आता अभिप्राय. एका रविवारी मी पाच वेळा कॉफी केली... की सहा वेळा, कुणी मोजलं! जर्दाळू काही सापडेना. दाढीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "तुम्ही पिताय ताई. चाखायची असेल तर भुरका मारायचा, मोठ्याने. आणि मग थुंकायची." त्याने भुरका मारून दाखवला. रस्त्यावरचा कुत्रा उठून बसला. माझ्या आईने लहानपणी माझे भुरके बंद करायला जिवाचं रान केलं होतं. आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी बेसिनशी उभी राहून ते पुन्हा शिकू लागले. चौथ्या भुरक्याला कॉफी नाकात गेली. नवरा पाठ चोळत म्हणाला, "नाकात गेली तर वास जास्त कळेल." त्याला मदत करायची होती, हे मला मागाहून पटलं.

तरी मी अभिप्राय लिहिला. दाढीवाल्याने तो दुकानात उभ्या उभ्या वाचला: 'सदर कॉफीचे अवलोकन केले असता त्यात मध अंशतः आढळून आला. जर्दाळूबाबत सबळ पुरावा उपलब्ध नाही. देवदाराचा दावा विचाराधीन आहे.' तो बराच वेळ दाढी खाजवत राहिला. "ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण हे वाचून कुणी कॉफी घेणार नाही. लोक अपील करतील."

मला वाईट वाटलंच. माझ्या पत्रांना ऑफिसात बक्षीस मिळालेलं आहे.

घरी येऊन मी फुरंगटून बसले होते. तोच खिडकीजवळून आवाज आला, "तुझी पद्धतच चूक आहे." बाबा! कित्येक दिवसांत ते आपणहून काही बोलले नव्हते. "नमुना काय आहे हे माहीत असताना तपासणी करतात होय? नमुन्यांवरची नावं झाकली पाहिजेत. तपासणाऱ्याला काही कळता कामा नये. आणि तुलनेला दुसरा माल पाहिजे."

"मग तुम्ही घ्या ना तपासणी," मी म्हटलं.

ते वर्तमानपत्राआड गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दाढी गुळगुळीत, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. वर्तमानपत्राच्या कडेला कात्री लावून चिठ्ठ्या चाललेल्या. मला इतका आनंद झाला की कॉफीचं काय होईल ते होवो, असं वाटून गेलं.

तपासणी त्याच संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर झाली. नवऱ्याने बाबांच्या देखरेखीखाली स्वयंपाकघराचं दार लावून तीन प्रकारच्या कॉफी केल्या. एक डिकॅफ, एक आमच्या डब्यातली नेहमीची, आणि एक नवऱ्याच्या ऑफिसातल्या यंत्राची, जी त्याने येताना थर्मासात भरून आणली होती आणि परत गरम केली होती. मग बाबांनी नवऱ्यालाही बाहेर काढलं आणि आतल्या आत कपांची अदलाबदल केली. "तूही तपासणाराच," ते म्हणाले, "तुझ्यावर विश्वास ठेवायला मी काही तुझा बाप..." आणि थांबले. कपांच्या तळाला चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या आणि चिठ्ठ्यांवर मेणबत्तीचं मेण. परीक्षक तीन, म्हणजे मी, नवरा आणि केमिस्ट्रीबाई. आपल्या मालाची बाजू मांडायला दाढीवाला आला होता, पण बाबांनी त्याला टेबलापासून लांब, चपलांच्या कपाटाजवळ बसवलं. "आरोपीने नमुन्याजवळ यायचं नाही." तो मुकाट्याने बसला.

सुरुवातीलाच खोळंबा झाला. बाई कप तोंडाला लावायला तयार होईनात. "प्रयोगशाळेत कुठल्याही पदार्थाची चव घ्यायची नसते, हे मी जन्मभर ओरडून सांगत आलेय." त्या कपावरून हाताने वाफ नाकाकडे लोटत राहिल्या. शेवटी हे जेवणाचं टेबल आहे, यावर बाबांनी सही करण्याची तयारी दाखवली तेव्हा कुठे त्यांनी घोट घेतला. घेतला आणि लगेच स्वतःचं मनगट धरलं. "हीच खरी कॉफी! नाडी बघा माझी कशी पळतेय!" नवऱ्याने एका कपाला नाक मुरडलं. "हिच्यात जीवच नाही. हीच ती कॅफिन काढलेली." मी डोळे मिटून, आईची मनोमन क्षमा मागून, प्रत्येक कपातून दणदणीत भुरका मारला. आणि तिसऱ्या कपाला मला जर्दाळू लागला! शंकाच नाही, स्वच्छ जर्दाळू, मागून देवदार. मी टेबलावर थाप मारून तो कप पुढे केला. "ही डिकॅफ. पैज लावते." कपाटाजवळून दाढीवाल्याने डोळे पुसल्यासारखं केलं.

बाबांनी सावकाश एकेक मेण फोडलं. बाईंची नाडी पळवणारी निघाली डिकॅफ. नवऱ्याची निर्जीव कॉफी त्याच्याच ऑफिसातली, जिचं तो रोज घरी येऊन कौतुक करतो. आणि मला जर्दाळू लागला होता तो आमच्या डब्यातल्या नेहमीच्या कॉफीत, जी मी इतकी वर्षं त्याच डब्यातून काढत आले आहे.

बाईंनी मनगट सोडलं. सगळ्यात आधी दाढीवाला सावरला. "म्हणजे फरक ओळखता येत नाही! काका, तुम्ही एवढंच लिहून द्या ना." बाबांनी खिशातलं पेन काढलं आणि लिहून दिलं: 'तिघांनी तपासली. तिघेही चुकले.' खाली सही. दाढीवाला ते छातीशी धरून गेला. आजही ते त्याच्या दुकानात लावलेलं आहे आणि त्याची डिकॅफ म्हणे हातोहात जाते. माझं पत्र त्याने काय केलं, ते मी विचारलेलं नाही.

सगळे गेल्यावर मी बाबांसाठी कप केला. हातात दिला आणि समोरच्या स्टुलावर बसले. जीव नुसता टांगणीला लागला होता. आता माल सिद्ध झाला, डॉक्टरांचा होकार झाला, कायद्याचीही शंका उरली नव्हती. बाबांनी घोट घेतला, गिळला आणि कप खाली ठेवला.

"कशी आहे? अगदी खरं सांगा. मला राग येणार नाही."

"खरं विचारतेस म्हणून सांगतो. मला यातलं कळत नाही."

"कळत नाही कसं? इतकी वर्षं पिताय!"

"पितोय. पण मला कॉफी कधी आवडलीच नाही गं. कडू लागते."

"मग रोज कशाला प्यायचात?"

"तू पहिल्या दिवशी हातात दिलीस. नवीन होतीस. नको कसं म्हणायचं? आणि मग तू बोलायला लागलीस."

"बाबा, याला महत्त्वाची माहिती दडवणं म्हणतात," मी म्हटलं, पण माझा आवाज काही ऑफिसातल्यासारखा आला नाही. "मग कॉफी बंद झाल्यावर यायचं का थांबलात? नुसतं येऊन बसायचं होतं ना!"

"अगं, मी रोज जागा होतो की पहाटे. पडल्या पडल्या बघायचो. दाराखालून स्वयंपाकघरातला उजेड दिसला, की उठायचो. तू दिवा लावेनाशी झालीस. मला वाटलं, तुला तेवढीच झोप हवी असेल. कॉफीचं निमित्त नाही तर सुनेला कशाला उठवायचं?"

मी आत जाऊन तोंड धुवून आले. बेसिनमध्ये तपासणीचे सगळे कप तसेच पडले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दिवा लावला. पातेलं जरा जास्तच वाजवलं. पावलांचा आवाज आला, स्टूल सरकलं. मी माझ्यासाठी कॉफी गाळली आणि बाबांच्या कपात नुसतं गरम पाणी ओतून तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी फुंकर मारली, एक घोट घेतला आणि नीट विचार केला.

"ही बरीय," बाबा म्हणाले. "बोल, काल काय नाकारलंस?"